सातवी लाथ

औषधाच्या बाटलीचं झाकण म्हाताऱ्याच्या हातून सुटलं, घरंगळत कपाटाखाली गेलं आणि ते काढायला म्हणून म्हातारा वाकला तो वाकलेलाच राहिला. मुकादम दाराशी बसून बूट घालत होता. डावा घालून झाला होता, उजव्याच्या नाडीला गाठ बसली होती आणि ती तो नखाने सोडवत होता. आधी त्याला वाटलं, म्हातारा झाकण शोधतोय, शोधू दे, तेवढाच वेळ जातो. मग एक आवाज आला. ओरडल्याचा नव्हे, दातावर दात ठेवून श्वास आत ओढल्याचा. त्याने मान वर केली. बाप दोन्ही हात जमिनीला टेकून, कंबर वर उचलून, चार पायांवर उभा होता आणि त्याला पुढेही जाता येत नव्हतं की मागेही. "बाबा, काय झालं?" म्हाताऱ्याचं तोंड फरशीकडे होतं, तो फरशीशीच बोलला. "उसण भरली. बघत काय बसलास पायाळ्या? लाथ मार." बस्स, एवढंच. ऐंशीच्या बापाने बावन्न वर्षांच्या मुलाला सकाळी पावणेआठला राहत्या घरात सांगितलं की लाथ मार, आणि मुकादमाच्या डाव्या पायाची बोटं बुटातल्या बुटात आवळली गेली. त्याने ती आवळली नव्हती. छत्तीस वर्षांत त्या पायाला कुणी हाक मारली नव्हती आणि पायाने पहिल्याच हाकेला ओ दिली. मुकादम इतका घाबरला की बापाला धरायला उठायचंसुद्धा त्याला सुचलं नाही. बायको स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली, तिने म्हाताऱ्याला काखेत धरून हळूहळू कुशीवर घेतलं आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "अहो, असे पुतळ्यासारखे काय बसलाय? डोक्याखाली उशी द्या."

डॉक्टरांनी पाठीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. मोडलं काही नाही म्हणाले, स्नायू आखडलाय, घरच्या घरी बरं होईल, दोन-तीन आठवडे जातील. पण हाडं मात्र पोकळ झाली आहेत, या वयात होतात. "पडू देऊ नका. पाठीवर धक्का लागता कामा नये. एखादा मणका बसला ना, तर पाय गेले म्हणून समजा." हे सांगताना त्यांनी फोटोवर पेनाच्या टोकाने एक जागा दाखवली, कमरेच्या वर चार बोटं, आणि मुकादमाने ती जागा पाहून ठेवली. पाहून ठेवायची म्हणून पाहिली नाही, सवयीने पाहिली. जुन्या इमारती पाडण्याचं काम तो तीस-पस्तीस वर्षं करत आला होता. कोणतीही इमारत पाहिली की पहिली नजर भार कुठे उतरतोय तिकडे जायची. अडाणी माणूस भिंतीला घण घालत सुटतो, दिवसभर घाम गाळतो आणि भिंत उभीच. मुकादम आधी भिंतीभोवती फिरायचा, बोटाच्या पेराने ठोकून बघायचा, कान लावायचा, आणि मग खडूने एक फुली मारायचा. तिथे सहा घाव. सातव्याला भिंत जागच्या जागी बसायची, शेजारच्या घराच्या काचेलाही धक्का लागायचा नाही. त्याच्या हाताखालची माणसं म्हणायची, मुकादम भिंतीला मारत नाही, तिला समजावतो. तो हसायचा. आत कुठे तरी त्याला हे बोलणं आवडायचं नाही.

बायकोने डॉक्टरांचं सगळं म्हणणं मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला चिकटवलं. दहा मिनिटं शेक, गरम पाण्याच्या पिशवीला टॉवेल गुंडाळून. उताणं झोपताना गुडघ्यांखाली उशी, कुशीवर असताना दोन गुडघ्यांच्या मधे उशी. नुसतं पडून राहायचं नाही, दर दोन तासांनी चार पावलं चालायचं. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे, मग कोपरावर जोर द्यायचा. तिला शिवणाच्या कारखान्यात जायचं असे. मुकादमाच्या पुढच्या पाडकामाची परवानगी अडकली होती आणि तो आठ दिवस घरीच होता. तेव्हा बापाची पाठ आपोआप त्याच्या वाट्याला आली. सून गेली, दार लागलं की म्हातारा सुरू होई. "हे पाणी तापवण्याचे धंदे कशाला? सात लाथा मार, मी उठून चालायला लागतो." मुकादम पिशवीचं झाकण घट्ट करी. "डॉक्टर नको म्हणालेत." "डॉक्टर पायाळू आहे का?" सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं होतं ते. म्हाताऱ्याला कुशीवर वळायला दुसऱ्याचा हात लागत होता, लघवीचं भांडं लागत होतं, पण आवाजातली हुकमत तसूभर कमी झाली नव्हती, आणि तो आवाज ऐकला की मुकादमाच्या मानेवरचे केस अजून उभे राहत. बावन्न वर्षांचा माणूस, हाताखाली चाळीस माणसं, आणि 'अरे ए' ऐकलं की आधी मान खांद्यात जायची. स्वतःच्या या मानेचा त्याला मनस्वी राग यायचा.

तो पायाने जन्मला होता. डोकं आधी यायचं ते शेवटी आलं, आणि त्यात आईचे दोन दिवस गेले. "पोरगं आलं ते आईची कंबर घेऊनच आलं," बाप येईल त्याला सांगायचा, आणि आई खाली बघून हसायची, म्हणजे मुकादमाला लहानपणी ते हसणंच वाटायचं. पण पायाळू पोर म्हणजे घरात औषध. बाप गोदामात गोणी उतरवायचा आणि गोदामातल्या प्रत्येक हमालाच्या पाठीत केव्हा ना केव्हा उसण भरायची. सुट्टीच्या दिवशी सकाळी ते दारात यायचे, कुणी वाकडा, कुणी भिंतीला धरत. पालथे पडायचे. सहा वर्षांचं पोर डावा पाय उचलून त्यांच्या कमरेत सात लाथा मारायचं. नियम असा होता की सात होईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. बोललं की गुण जातो. सातवी झाली की पडलेल्याने म्हणायचं, "बरं वाटलं." ही चाळीस-पन्नास वर्षांची दांडगी माणसं त्याच्या एवढ्याशा पायाखाली मुकाट पडून राहायची आणि मग उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवायची. बाप बाजूला उभा राहून छाती फुगवायचा. त्या दोन तासांत बाप त्याला मारायचा नाही. आठवड्याचे बाकी सगळे तास मारायचा. बापाचा हात तोंडाच्या आधी चालायचा. ताट सरकवल्याचा आवाज मोठा झाला म्हणून, दार उघडायला उशीर झाला म्हणून, लवकर उघडलं म्हणूनही. मार कुठून येणार ते कळायचं नाही. त्यामुळे मुलगा घरात कायम भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. त्या घराची प्रत्येक भिंत त्याच्या पाठीला ओळखत होती. आणि सगळे हमाल गेले की शेवटी बाप स्वतः पालथा पडायचा. "हं, मार."

आठ वर्षांचा असताना एकदा त्याने खरंच मारली होती. आदल्या दिवशी बापाने आईचे केस हाताला गुंडाळून तिला मोरीपर्यंत ओढत नेलं होतं. ते त्याच्या डोळ्यांपुढून जाईना. बाप पालथा पडला तेव्हा मुलाने श्वास घेतला, उंबऱ्याला हात टेकला आणि सगळा जीव टाचेत आणून घाव घातला. एक, दोन, तीन. बापाने मरावं असं त्याला वाटत होतं. इतक्या उघडपणे, इतक्या सरळ त्याला पुन्हा आयुष्यात काही वाटलं नाही. सातव्या लाथेला त्याची स्वतःचीच टाच दुखायला लागली. बाप एक क्षण निपचित पडला, आणि मग उठून बसला, कंबर इकडून तिकडे वळवून पाहिली आणि खदाखदा हसायला लागला. "गेली! अगं ए, सगळी गेली बघ! काय पाय आहे पोराचा!" त्याने मुलाला उचलून खांद्यावर घेतलं आणि गल्लीभर फिरवून आणलं. वरून मुलाला सगळ्या घरांची छपरं दिसली. त्याला रडू येत होतं, आणि लोकांना वाटलं पोर उंचीला घाबरलंय.

आता तीच कंबर त्याच्या हाताखाली होती. मांस उतरलं होतं, कातडं सैल पडलं होतं आणि मधून मणके एकेक करून वर आले होते. सदरा वर सारला की ते मोजता यायचे. शेक देऊन झाला की तेल लावताना मुकादमाचा अंगठा वरून खाली एकेक मणका मोजत यायचा आणि डॉक्टरांनी पेन टेकवलेल्या जागी थांबायचा. तिसऱ्या दिवशी त्याचं बोट वाकलं आणि त्याने पेराने ठोकून पाहिलं, टकटक, भिंतीला ठोकावं तसं. "काय वाजवतोस? घर पाडायला आलायस का?" म्हातारा उशीत तोंड खुपसून म्हणाला. मुकादमाने हात काढून घेतला. त्या दिवसापासून त्याच्या मनात एक हिशेब सुरू झाला आणि तो काही केल्या बंद होईना. दात घासताना, भाजी निवडताना, बापाचं भांडं धुताना. उंची किती घ्यायची, टाच सरळ की तिरकी, किती घाव. माणूस पालथा, जमीन टणक, खाली जायला जागा नाही, म्हणजे सगळा भार एकाच ठिकाणी उतरणार. त्याला ऐकूही यायचं ते, वाळलेली काटकी गुडघ्यावर मोडावी तसा बारीक आवाज. आणि मग बापाचे पाय तिथेच थांबतील. तो मरणार नाही. पडून राहील, आणि रोज सकाळी त्याला दुसऱ्याची वाट बघावी लागेल, कुशीवर वळायला, पाण्याच्या घोटाला. या विचाराने मुकादमाच्या अंगात ऊब पसरायची. तो भाजीची सुरी खाली ठेवून देई आणि गॅलरीत जाऊन उभा राही. गॅलरीतून समोरच्या इमारतीची मधली भिंत दिसायची, आणि नजर आपोआप खडूची फुली शोधायला लागायची.

बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. नवरा पायाळू आहे एवढं तिला माहीत होतं, सासऱ्यांनीच लग्नात हसत सांगितलं होतं. पहिल्या बाळंतपणानंतर तिची कंबर धरली तेव्हा तिने गमतीने म्हटलं होतं, "मारा ना एक, तेवढंच पायाळू नवऱ्याचं सुख." मुकादम ताटावरून उठून गेला होता आणि तीन तास परत आला नव्हता. पुन्हा तिने विषय काढला नाही. पण आता पाचव्या दिवशी, म्हाताऱ्याचं तुणतुणं ऐकून ऐकून कंटाळली तेव्हा ती म्हणाली, "अहो, नुसता पाय टेकवा ना. लाथ म्हणजे काय खरी लाथ असते का? त्यांच्या मनाचं समाधान." मुकादम म्हणाला, "नको." "पण का?" "पाय दुखतो." तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. पंचवीस वर्षांच्या संसारात माणूस खोटं बोलला की बायकोला त्याच्या कानावरून कळतं, पण ती कपाटाच्या कागदावर त्या दिवसाच्या शेकांपुढे खुणा करत राहिली.

का, ते मुकादमाने कुणाला सांगितलं नव्हतं. नऊ वर्षांचा असताना एका दुपारी तो शाळेतून आला तर आई जमिनीवर होती. कुशीवर, भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन. "उसण भरलीय," ती म्हणाली. "मार जरा." त्याला कोण आनंद झाला! इतक्या लोकांना आपण बरं केलं आणि जिची कंबर आपणच नेली म्हणतात, तिने मात्र कधी मागितलं नाही. आई सावकाश पालथी झाली, आणि तिने पाठीवरचं कापड स्वतःच बाजूला केलं. कमरेच्या वर एक निळा डाग होता, अर्धा गोल, ताटाची कड उमटावी तसा. "हे काय गं?" "पलंगाची कड लागली." त्याने पाय उचलला. नीट, मन लावून, अगदी डागावर, कारण दुखतं तिथेच लाथ बसली पाहिजे. एक. दोन. आईचं अंग दगडासारखं घट्ट झालं. तीन. चार. पाचव्या लाथेला ती घाईघाईने म्हणाली, "बरं वाटलं. बरं वाटलं रे, बास." आणि त्याला राग आला. मधेच बोलली! एवढी मोठी बाई आणि साधा नियम माहीत नाही, आता गुण जाणार! "अजून दोन राहिल्या," तो ओरडला आणि बोलण्याने गेलेला गुण भरून काढायला त्या दोन त्याने अंगातल्या सगळ्या जोराने मारल्या. आईने पदराचा बोळा तोंडात धरला होता. नंतर ती उठली, भिंतीला धरून उठली, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून पुन्हा म्हणाली, बरं वाटलं. तो खेळायला गेला. पोरांना सांगितलं, मी माझ्या आईला बरं केलं. सोळाव्या वर्षी पहिल्यांदा इमारत पाडण्याच्या कामावर लागला तेव्हा दोन मजुरांची मारामारी झाली आणि एकाच्या पाठीवर दुसऱ्याच्या बुटाचं टोक उमटलेलं त्याने पाहिलं. अर्धा गोल, निळा. हातातली पहार खाली ठेवून तो विटांच्या ढिगाआड ओकला. त्या सुट्टीच्या दिवशी त्याने दारातल्या हमालांना सांगितलं की माझ्या पायाचा गुण गेला, आणि बापाचा शेवटचा मार खाल्ला. आई पुढे तीन वर्षं जगली, कमरेत वाकून चालत. तिला विचारायचं राहिलंच. ती गेल्यावर घरात बाप उरला, आणि उरलेल्याला सांभाळतात, म्हणून त्याने सांभाळलं. लोक म्हणायचे, मुलगा असावा तर असा. त्या बोलण्याने त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सातव्या दिवशी बायको सकाळी तिच्या बहिणीकडे गेली, संध्याकाळी येणार होती. दुपारी मुकादमाने बापाला सतरंजीवर पालथं घेतलं, पोटाखाली उशी दिली, शेक दिला, पिशवी काढली. बरीच सुधारणा होती. म्हातारा सकाळी स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत जाऊन आला होता आणि त्यामुळे रंगात होता. "आता तरी मार की. एवढा कसला भाव खातोस?" मुकादमाने टॉवेलची घडी घातली. "डॉक्टर नको म्हणालेत, बाबा." "तुझ्या आईला मारल्यास तेव्हा कुठल्या डॉक्टरला विचारलं होतंस?" टॉवेलची घडी तशीच राहिली. आईला लाथा मारल्याचं बापाला माहीत आहे, हे त्याला माहीत नव्हतं. "तुम्हाला कुणी सांगितलं?" "सांगायला कशाला पाहिजे? मी दाराआडच होतो. मीच तर पाठवली तिला. सकाळी जरा समज दिली होती, तर दुपारपर्यंत कण्हत पडली. म्हटलं, एवढं दुखतंय तर पोराकडून मारून घे, घरात औषध असताना रडतेस काय? नाही म्हणत होती. म्हटलं, तू घेतेस की त्याला घेऊ समोर?" म्हातारा हसायला लागला, कमरेत कळ आली तसा थांबला, आणि कळ सरल्यावर पुन्हा हसला. त्या हसण्यात वाईटपणाही नव्हता, जुनी गंमत आठवल्यासारखं हसला. "तू काय म्हणालास आठवतं का? 'अजून दोन राहिल्या'! केवढा होतास तू, एवढासा. मी तिकडे हसून हसून खाली बसलो."

मुकादमाने टॉवेल खुर्चीवर ठेवला. डाव्या पायाचा मोजा काढला. तो घाईत नव्हता. त्याला वाटलं होतं की अशा वेळी डोकं पेटतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, पण सगळं स्वच्छ दिसत होतं, सतरंजीचे दोरे, बापाच्या मानेवरचा मस, कपाटाच्या दारावरचा कागद. तू घेतेस की त्याला घेऊ समोर. म्हणजे तिने त्याच्या वाट्याच्या लाथा खाल्ल्या, आणि त्याच्याकडूनच खाल्ल्या. त्याने खुर्चीच्या पाठीला हात टेकला, उंबऱ्याला टेकायचा तसा, आणि पाय ठेवला. पहिली लाथ नुसती टेकवली. "हां!" म्हातारा सुखावून म्हणाला, आणि मग नियम आठवून गप्प झाला. दुसरी तशीच. तिसरी. बापाची कातडी गरम होती, शेकाने लाल झाली होती. चौथीला त्याने टाच घातली. म्हाताऱ्याच्या तोंडून हवा बाहेर आली. मुकादमाला बरं वाटलं, फार बरं वाटलं. पाचवी त्याने फुलीपासून दोन बोटं बाजूला मारली, मांसात, कारण त्याला काम नीट कळत होतं, आधी बाजू मोकळ्या करायच्या. म्हाताऱ्याचे हात सतरंजीवर पसरले आणि बोटांनी दोरे धरले. सहावी दुसऱ्या बाजूला, जास्त जोराने. त्या लाथेला म्हातारा पहिल्यांदा ओरडला, बारीक, पोरासारखा. आता मधली जागा उरली. मुकादमाने पाय गुडघ्यात वाकवून छातीपर्यंत वर घेतला. टाच सरळ होती. फुली त्याला दिसत होती. आपण हे करणार आहोत हे त्याला कळलं, आणि करू नये असं त्याच्या आत कुणीही म्हणत नव्हतं.

"बरं वाटलं," म्हातारा सतरंजीत तोंड खुपसून घाईघाईने म्हणाला. "बरं वाटलं रे, बास."

हेच शब्द. हीच घाई. नियम मोडून मधेच बोललेलं. मुकादमाच्या तोंडात 'अजून एक राहिली' आलं, नऊ वर्षांच्या पोराच्या आवाजात आलं, जिभेवर येऊन थांबलं. इतकी वर्षं आपल्याला कळलं नव्हतं ते त्याला आता कळलं, की 'बरं वाटलं' हे बरं वाटलं म्हणून म्हणत नाहीत. पुढची लाथ येऊ नये म्हणून म्हणतात. खाली पडलेल्या माणसाला वरचा पाय दिसत नाही, त्याला नुसती हवा हललेली कळते. आईला कळली असेल. त्याचा पाय वरच होता. खुर्ची करकरत होती. बाप पडल्या पडल्या मान खांद्यात घेत होता, अगदी त्याच्यासारखी, इंचभर, अजून इंचभर. ती मान पाहून मुकादमाला एकदम शिसारी आली, बापाची नव्हे, स्वतःची. त्याने पाय बाजूला नेऊन जमिनीवर ठेवला. जमीन गार होती.

मग भीती आली, उशिरा येणाऱ्या पाहुण्यासारखी सगळं सामान घेऊन आली. तो गुडघ्यांवर बसला. "बाबा, पायाचा अंगठा हलवा." त्याने सतरंजीजवळ तोंड नेलं. "बाबा, ऐकताय ना? अंगठा हलवा. डावा." पिवळ्या जाड नखाचा तो अंगठा तसाच पडून होता. मुकादम त्याच्याकडे बघत राहिला. आयुष्यात त्याने इतकं काही मागितलं नव्हतं, बापाचं मरण मागितलं होतं तेव्हाही इतकं नाही. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. अंगठा हलला. मग उजवाही हलला. मुकादमाने बापाला कागदावर लिहिल्याप्रमाणे आधी कुशीवर घेतलं, मग पाय खाली सोडायला लावले, मग कोपरावर जोर द्यायला लावून पलंगावर निजवलं, गुडघ्यांच्या मधे उशी ठेवली. भांडं हवं का विचारलं तर म्हाताऱ्याने नुसती मान हलवली. आणि मुकादम उशी सारखी करायला वाकला तेव्हा बापाने डोळे मिटून घेतले आणि एक हात कानावर नेला.

संध्याकाळी बायको आली. खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवून आधी कागदावरच्या खुणा पाहिल्या. "दुपारी चालवलं नाहीत का त्यांना?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पाणी तापत ठेवलं, शेकाची पिशवी भरली, टॉवेल गुंडाळला. "काय बाबा, आज गप्प गप्प?" असं म्हणत तिने सासऱ्यांचा सदरा मागून वर सारला, आणि तिचा हात तिथेच थांबला. मणक्याच्या दोन्ही बाजूंना दोन डाग होते. अजून निळे व्हायचे होते, तांबडे होते, टाचेएवढे. "अगं बाई! हे काय हो?" मुकादम दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा होता. त्याने तोंड उघडायच्या आत म्हातारा बोलला. आधी त्याने मान वळवून मुलाच्या तोंडाकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं, आणि मग भिंतीकडे बघत म्हणाला, "काही नाही गं. पलंगाची कड लागली."

बायकोने पलंगाच्या कडेकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. तिच्या हातातल्या पिशवीतलं पाणी हललेलं ऐकू आलं. मुकादमाला वाटलं, गप्प बसावं. गप्प बसलं की झालं. कड लागली म्हटलं की सगळी दुनिया मान डोलावते, उद्या डाग निळे होतील, परवा पिवळे, मग जातील. या घरात हे एकदा झालेलं आहे, कसं करायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या पाठीला चौकट टोचत होती. तो चौकटीपासून सुटा झाला आणि खोलीच्या मध्यभागी येऊन उभा राहिला, जिथे मागे टेकायला काही नव्हतं.

"कड नाही लागली," तो म्हणाला. "मी मारलं. टाचेने."

"उगाच काहीतरी बोलतोय तो," म्हातारा घाईघाईने म्हणाला. "कड लागली. ऐकू नकोस त्याचं, कड लागली."

"सहा मारल्या," मुकादम म्हणाला. "सातवीही मारणार होतो."

बायकोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या पायांकडे. डाव्या पायात मोजा नव्हता, तो दुपारपासून घालायचा राहिला होता. पिशवी हाताला पोळत होती म्हणून तिने ती या हातातून त्या हातात घेतली, आणि म्हातारा आणि तो यांच्या मधे, पलंगाच्या कडेवर बसली.